दोन तारांमधली जागा

गिटारवरच्या तीन सुरांनी माझी जवळजवळ दोन वर्षे अडवून धरली होती. एका तारेवर चार सूर आणि मग पुढची तार अशी रचना असेल, तर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारे यंत्र, मिनिटाला १२०वर ठेवून ठोक्याला चार सूर, म्हणजे सेकंदाला आठ, या गतीनेही माझा उजवा हात निभावून न्यायचा. तेच सूर एका तारेवर तीन याप्रमाणे मांडले की मात्र ९०च्या आसपास घोडे अडायचे. डाव्या हाताची काही तक्रार नव्हती. उलट तीन सुरांची मांडणी त्या बोटांना अधिक सोयीची होती. पिक, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, तेच, तारा त्याच, हातही तोच, आणि तरीही गती एवढी कमी असताना तार बदलण्याच्या जागी सूर अडखळायचा, कधी गिळला जायचा, कधी शेजारच्या तारेला धक्का लागून नको तो सूर वाजायचा.

याचे उत्तर मी सरावातच शोधले, कारण गिटार शिकणाऱ्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला तोच असतो. मेट्रोनोम ६०वर लावायचा, चुका न करता वाजवायचे, मग दोन-दोन ठोक्यांनी वर जायचे. ६०वर सगळे स्वच्छ वाजायचे, ७०वर स्वच्छ, ८०वर थोडे कष्टाने, आणि ९०वर कोपराजवळ हाताच्या बाहेरच्या बाजूला आग होऊ लागायची आणि चिमटीतले पिक फिरून आडवे व्हायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ६०. हा क्रम मी किती महिने चालवला याची आठवणही मला आता नकोशी वाटते, कारण त्या काळात मी आळस केला नव्हता. मी मन लावून, रोज, चुकीच्या हालचालीचा सराव करत होतो.

शेवटी एका रात्री फोन नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांडीच्या, टोकाकडे, तारांच्या पातळीला समांतर ठेवला आणि सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये स्वतःच्या उजव्या हाताचे चित्रण केले. या बाजूने पाहिले की तारा रेघांसारख्या दिसत नाहीत. एका ओळीत टोचलेल्या ठिपक्यांसारख्या दिसतात, आणि पिकचे टोक त्या ओळीच्या आत कधी जाते आणि बाहेर कधी येते ते नेमके कळते. माझे पिक सरळ खाली-वर जात नव्हते. डाउनस्ट्रोकला, म्हणजे खालच्या आघाताला, ते तिरके आत घुसून पुढच्या तारेपाशी टेकत होते, आणि अपस्ट्रोकला, म्हणजे वरच्या आघाताला, त्याच तिरक्या वाटेने परत येत तारांच्या वर, मोकळ्या हवेत निघत होते. म्हणजे अपस्ट्रोक संपला की पिक कोणत्याही तारेवर जायला मोकळे असायचे, आणि डाउनस्ट्रोक संपला की ते दोन तारांच्या मधल्या फटीत अडकलेले असायचे.

दोन वर्षांचे कोडे त्या एका चित्रणात सुटले. चार सूर म्हणजे खाली, वर, खाली, वर. शेवटचा स्ट्रोक वरचा, पिक बाहेर, पुढची तार सहज. तीन सूर म्हणजे खाली, वर, खाली. शेवटचा स्ट्रोक खालचा, पिक फटीत, आणि आता पुढच्या तारेवर अपस्ट्रोकने सुरुवात करायची तर आधी त्या तारेवरून उडी मारून पलीकडे जायला हवे. ती उडी माझा हात मारत होता. मनगट मागे वाकवून तो पिक उपसून काढत होता, पुढच्या तारेपलीकडे टाकत होता, आणि मग वाजवत होता. त्याहूनही वाईट गोष्ट पुढच्या चित्रणात दिसली: कोणता स्ट्रोक अडकणार आणि कोणता नाही हे हाताला ठाऊक नसल्यामुळे त्याने सावधगिरी म्हणून प्रत्येकच स्ट्रोकनंतर एक छोटी उडी घ्यायला सुरुवात केली होती. ९०च्या मेट्रोनोमवर सेकंदाला सहा सूर होतात; म्हणजे सेकंदाला सहा स्ट्रोक आणि शिवाय सहा उड्या. कोपराजवळची आग कुठून येत होती हे आता वेगळे सांगायला नको.

ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीजवळ, दोन तारांमधले अंतर साधारण १० मिलिमीटर असते, आणि तार नीट वाजण्यासाठी पिकचे टोक तिच्याखाली एखाद-दोन मिलिमीटर गेले तरी पुरते. एवढ्या लहान जागेत सगळा व्यवहार चालतो. आपण पिकिंग म्हणजे तार छेडणे एवढेच धरून चालतो, आणि तार छेडणे खरोखर कठीण नाही. पहिल्याच दिवशी ते कोणालाही जमते. तार छेडून झाल्यावर पिक कुठे उरते, हा प्रश्न मात्र मला कोणी विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. हाताचे शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होते, असे मला आता वाटते.

हा प्रश्न ज्यांनी फार पूर्वी सोडवला त्यांच्याकडे मग मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट (१९१०–१९५३) यांच्याविषयी बोलताना सगळे त्यांच्या डाव्या हाताविषयी बोलतात, आणि ते साहजिक आहे; १९२८च्या आगीत त्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली आणि उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी सगळे वादन उभे केले. पण त्यांच्या शैलीतला उजवा हात मला तेवढाच शिकवणारा वाटतो. त्या शैलीत डाउनस्ट्रोक पुढच्या तारेवर येऊन टेकतो, आणि नव्या तारेवर गेले की सुरुवात शक्यतो डाउनस्ट्रोकनेच करतात. जे टेकणे माझ्यासाठी सापळा होते तेच तिथे मुक्कामाचे ठिकाण आहे: पिक पुढच्या तारेला टेकलेलेच असते, तिथून फक्त पुढे ढकलायचे. मोठ्या आवाजाच्या नृत्यमंडपात, ॲम्प्लिफायरशिवाय ऐकू जायचे तर तारेत वजन हवे, आणि ते वजन या टेकण्यातूनच येते.

माझ्या तीन सुरांना त्यातून पहिला उपाय मिळाला. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना तिसरा सूर डाउनस्ट्रोकने वाजवून पिक पुढच्या तारेला टेकले असेल, तर पुन्हा वर उडी कशाला? तसेच पुढे जाऊन पुढची तारही डाउनस्ट्रोकनेच वाजवायची. खाली, वर, खाली, आणि नव्या तारेवर पुन्हा खाली, वर, खाली. हा इकॉनॉमी पिकिंगचा मार्ग आहे आणि वरच्या सुरांकडे जाताना तो इतका सोपा पडतो की पहिल्यांदा जमल्यावर मला फसवणूक केल्यासारखे वाटले होते. दुसरा उपाय डाव्या हाताचा: तीनांपैकी एक सूर पिकने न वाजवता बोट तारेवर आपटून किंवा ओढून काढायचा, म्हणजे पिकचे स्ट्रोक दोनच उरतात आणि शेवटचा आपोआप वरचा येतो. हा उपाय सोयीचा आहे, पण त्या एका सुराचा पोत मऊ होतो, आणि प्रत्येक ठिकाणी तो मऊपणा मला नको होता.

तिसरा उपाय सगळ्यात अवघड होता, आणि खऱ्या अर्थाने माझे शिक्षण त्याच्यामुळे झाले. खालच्या सुरांकडे परत येताना पहिले दोन्ही उपाय पुरेसे पडत नाहीत. तिथे डाउनस्ट्रोकनेच बाहेर पडता यायला हवे. त्यासाठी शेवटच्या सुराच्या वेळी पिकच्या वाटेचा तिरकेपणा उलटा व्हावा लागतो, म्हणजे कोपरापासून पुढचा हात अगदी किंचित फिरावा लागतो, कुलपात सैल बसलेली किल्ली चाचपावी तितकाच. मनगट उचलायचे नाही, बोटे हलवायची नाहीत, फक्त ते फिरणे. कल्पना मला पाच मिनिटांत समजली, हाताला मात्र पाच आठवडे समजली नाही, कारण माझा हात फिरूच शकत नव्हता. तो दुसऱ्याच कामात गुंतलेला होता: त्याने गिटार धरून ठेवली होती.

हे कळले ते एका रेघेमुळे. वाजवून उठल्यावर माझ्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मध्यावर, गिटारच्या कडेची लाल रेघ उमटलेली असायची. ती मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो आणि वाजवल्याची खूण म्हणून मला ती थोडी आवडायचीही. तिचा अर्थ सरळ होता. गिटार मांडीवरून घसरू नये आणि नेक खाली झुकू नये म्हणून मी हाताने तिला छातीशी दाबून धरत होतो, आणि त्याच हाताने, त्याच वेळी, मिलिमीटरभराची सैल हालचाल करू पाहत होतो. डोळ्यांना नेकवरच्या फ्रेट, म्हणजे आडव्या पट्ट्या, दिसाव्यात म्हणून गिटारचा चेहरा वरच्या दिशेने कलता केलेला, त्यामुळे पाठीला पोक, मान खाली; जवळजवळ १२ सेंटीमीटर खोलीच्या गिटारवरून हात पुढे आणायचा म्हणून उजवा खांदा कानाकडे चढलेला; आणि हात गिटारवर असा लोंबत असल्यामुळे तारांपर्यंत पोचायला मनगट आत वाकवलेले. मऊ बिछान्याच्या कडेवर बसून मी रोज तासभर या आकारात गोठून राहत होतो.

वाकलेल्या मनगटाची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांमध्ये नसतातच. ते कोपरापुढच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस जाते. मनगट वाकवले की त्या बोगद्यातला दाब वाढतो आणि कंडरा कोनातून ओढल्या जातात. पिक घट्ट आवळले की त्याच स्नायूंना ताण पडतो, आणि कंडरा मनगट ओलांडून जात असल्यामुळे मनगटही त्या ताणाबरोबर आखडते. म्हणून ‘मनगट सैल सोडा’ ही सूचना, चिमटी आवळलेली असताना आणि हाताने गिटार पेललेली असताना, पाळताच येत नाही. शरीर कोणत्या क्रमाने सुटते याला नियम आहे, आणि तो खांद्याकडून बोटांकडे येतो, बोटांकडून खांद्याकडे जात नाही, असा निदान माझा अनुभव आहे.

वाद्य हातांनी पेलायचे नाही हा विचार जुना आहे. एकोणिसाव्या शतकातले स्पॅनिश वादक दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) यांनी गिटार ठेवण्यासाठी तीन पायांची एक घोडीच बनवली होती. तिला ते त्रिपोदिसोन म्हणत. गिटार तिच्यावर बसवलेली, वादक तिच्यामागे ताठ आणि मोकळा, दोन्ही हात फक्त वाजवण्यासाठी. घोडी पुढे टिकली नाही, शास्त्रीय गिटारवादकांनी डाव्या पायाखाली छोटे पाऊलपीठ घेऊन नेक वर उचलण्याची रीत स्वीकारली. पण तिच्यामागचा आग्रह मला आजही शंभर टक्के बरोबर वाटतो. माझी घोडी म्हणजे स्ट्रॅप, गिटार खांद्याला अडकवायचा पट्टा. बसून वाजवतानाही मी आता स्ट्रॅप लावतो, आणि त्याची लांबी अशी ठेवतो की उभे राहिल्यावर गिटारची उंची बदलू नये. खुर्ची कडक, हात नसलेली, मी तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले. नेक थोडी वर, तिचे टोक खांद्याच्या उंचीजवळ. गिटारचा चेहरा सरळ समोर. मग दोन्ही हात काढून मांडीवर ठेवायचे. गिटार हलली तर बैठक चुकली, आणि बैठक चुकली असेल तर पिक हातात घ्यायचे नाही.

पहिले काही दिवस फ्रेट दिसत नसल्यामुळे चाचपडायला झाले. डावा हात चुकायचा आणि मान सवयीने पुन्हा खाली जायची. पण हात काढून घेतल्यावर उजवा दंड कोपरापाशी गिटारच्या कडेवर नुसता टेकू लागला, खांदा उतरला, मनगट जवळजवळ सरळ झाले, आणि मग एका संध्याकाळी ते किल्लीसारखे फिरणे, जे पाच आठवडे येत नव्हते, काही न करता आले. त्याच संध्याकाळी मला आणखी एक गोष्ट कळली: तार बदलण्याच्या जागी मी श्वास धरत होतो. ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

बैठकीविषयी बोलताना मला अमेरिकन गिटारवादक लेस पॉल (१९१५–२००९) यांची आठवण येते. १९४८च्या जानेवारीत मोटार अपघातात त्यांचे उजवे कोपर चक्काचूर झाले. सांधा पुन्हा हलणार नाही, एका कोनात कायमचा बसवावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा त्यांनी हात गिटार वाजवता येईल अशा कोनात बसवायला सांगितला. आपल्यापैकी कोणाला तो कोन सांगता आला असता? तारांवर हात कुठे येतो, कोपर किती वाकलेले असते, हे मी इतकी वर्षे वाजवूनही सांगू शकलो नसतो, कारण मी ते कधी पाहिलेच नव्हते. पुढे नव्वदी ओलांडल्यावरही ते त्या कोनातल्या हाताने दर आठवड्याला रंगमंचावर वाजवत होते.

आता पिकविषयी थोडे. अंगठ्याचे पेर आणि वाकवलेल्या तर्जनीची कड यांच्यामध्ये पिक धरायचे, टोक तीन-चार मिलिमीटर बाहेर ठेवायचे, ही पकड बहुतेकांना मानवते. थोर वादकांमध्ये तिला अपवाद आहेत. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी तर पिक न घेता अंगठ्यानेच वाजवत. जाडीविषयी माझे मत असे की एकेक सूर वाजवायला ०.६० मिलिमीटरचे पातळ पिक उपयोगाचे नाही, कारण ते तारेवर वाकते आणि उशिरा सरळ होते, त्यामुळे आपण कुठे आहोत हे हाताला कळत नाही. मी १ मिलिमीटरच्या पुढे गेलो आणि पकड आपोआप सैल झाली, कारण पिकच्या वाकण्याला उत्तर म्हणून चिमटी आवळण्याची गरज उरली नाही. पिक तारेला अगदी समांतर न धरता थोडे वळवून धरले की ते कडेने तारेवरून घसरत जाते. तेव्हा डाउनस्ट्रोकला नेककडची कड तार छेडते आणि अपस्ट्रोकला ब्रिजकडची.

याच कारणाने जुने पिक फेकण्याआधी उजेडात धरून पाहावे. माझ्या एका पिकची नेककडची कड तासणीने तासल्यासारखी तिरकी झिजली होती, इतकी की टोक एका बाजूला सरकले होते. ब्रिजकडची कड जवळजवळ कोरी होती. म्हणजे डाउनस्ट्रोक मी जोराने मारत होतो आणि अपस्ट्रोकला, पुढच्या उडीच्या घाईत, तारेला नुसते टोकाने शिवत होतो. रेकॉर्डिंग ऐकले तेव्हा कानांनीही तेच सांगितले: एक सूर भरीव, एक पोकळ, एक भरीव, एक पोकळ.

सरावाची पद्धतही मग बदलावी लागली. हळू वाजवण्याला माझा विरोध नाही. पण हळू गतीत कोणतीही हालचाल खपून जाते, उडीसुद्धा, आणि मग जी हालचाल वेगात टिकणार नाही तीच आपण शेकडो वेळा घोटून अंगवळणी पाडतो. म्हणून मी आता आधी वेगाने वाजवून पाहतो: एकच तार, एकच सूर, ठोक्याला चार, चार-पाच ठोक्यांपुरते, कोणतीही चूक मनाला लावून न घेता, फक्त हात कोणत्या हालचालीने इतक्या वेगात जाऊ शकतो हे शोधण्यासाठी. ती सैल हालचाल सापडली की तीच, तिचा आकार न बदलता, हळू करायची. हे सांगायला सोपे आणि करायला कठीण आहे. हळू होताच हात जुन्या वाटेने जायला बघतो. अशा वेळी मला सतार-सरोदचे बोल उपयोगी पडले. तिथे प्रत्येक आघाताला नाव आहे, दा आणि रा. सतारीवर नखीचा दा आतल्या दिशेला असतो आणि सरोदवर जव्याचा, म्हणजे तिथल्या पिकचा, दा खाली. मी सरोदचा मान ठेवून दा म्हणजे डाउनस्ट्रोक ठरवला आणि मोठ्याने म्हणत वाजवू लागलो: दा रा दा, रा दा रा. तोंडाने नाव घेतले की कोणत्या तारेवरून कोणत्या स्ट्रोकने बाहेर पडायचे आहे हे आधी कळते, आणि जे आधी कळते त्याला हात घाबरत नाही.

दुखण्याविषयी एकच गोष्ट, पण ती मी मनापासून सांगतो. थकवा आणि आग यांत फरक आहे, आणि बोटांना मुंग्या येणे किंवा बधिरता येणे ही तर थांबण्याचीच सूचना आहे. तिथे सराव वाढवू नये, डॉक्टरांना दाखवावे. मी कोपराची आग वर्षभर मेहनतीचे लक्षण समजत राहिलो. आता वीस-पंचवीस मिनिटांनी गिटार खाली ठेवून उठतो, आणि बसताना पुन्हा पहिल्यापासून: तळवे, पाठ, स्ट्रॅप, दोन्ही हात मांडीवर.

तीन सुरांची मांडणी आता वर जाताना ११२ला स्वच्छ वाजते. खाली येताना १००च्या पुढे पहिल्या तारेवरून दुसरीवर उतरण्याची एक जागा अजून कच्ची आहे; चित्रणात तिथे खांदा केसभर वर येताना दिसतो, आणि तो कळण्याआधी सूर अडखळतो. काल रात्री सध्याचे पिक दिव्याखाली धरून पाहिले. नेककडची कड झिजली आहेच, पण या वेळी ब्रिजकडच्या कडेवरही तशीच एक बारीक, चकचकीत तिरकी रेघ उमटू लागली आहे.